माहेर बेनब्रिजचे, आजोळ पुण्याचे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्या देशाच्या राजधानीशी त्याचा संबंध केवळ नावापुरता. या राज्यातील सिएटल महानगरासमोर प्युजेट साउंड नावाची विस्तीर्ण खाडी पसरली असून तिच्यात बेनब्रिज हे देवदारांनी वेढलेले एक बेट आहे. आज आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून थेट तालुक्याच्या गावापर्यंत सोसायट्यांच्या आवारांत जो पिकलबॉलचा खेळ झपाट्याने पसरत आहे, त्याचा जन्म १९६५ च्या उन्हाळ्यात या बेटावर झाला. गतवर्षी कन्येकडे सहा महिने राहण्याचा योग आला, तेव्हा हा खेळ शिकण्याचा आणि त्याचे जन्मस्थान पाहण्याचा दुहेरी लाभ आम्हां उभयतांस झाला. त्याचा हा वृत्तांत.

जन्मकथा मोठी घरगुती आहे. जोएल प्रिचर्ड हे त्या वेळी राज्य विधिमंडळाचे सदस्य होते. पुढे ते अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले आणि राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले. बेटावरील त्यांच्या उन्हाळी घराच्या अंगणात एक जुने बॅडमिंटन कोर्ट होते. ते आणि त्यांचे स्नेही बिल बेल एके दिवशी घरी परतले, तो मुले कंटाळून बसलेली. बॅडमिंटनचे फूल काही सापडेना. तेव्हा टेबल टेनिसच्या फळ्या आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू हाती घेऊन खेळ सुरू झाला. जाळी प्रथम बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर होती. चेंडू जमिनीवर चांगली उसळी घेतो हे ध्यानात आल्यावर ती ३६ इंचांपर्यंत खाली आली. बार्नी मॅकॅलम हे शेजारी पुढे त्यांना येऊन मिळाले. त्यांनी प्लायवूड कापून पॅडल तयार केली आणि तिघांनी मिळून नियम बांधले. आबालवृद्धांना एकत्र खेळता यावे, हा त्यामागील हेतू होता.

या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. ज्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ जन्मला, त्या बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आखले होते. त्या काळी त्या खेळास ‘पूना’ असेच म्हणत. इंग्लंडमधील बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव त्यास पुढे चिकटले. पिकलबॉलचे कोर्ट आजही ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. त्यामुळे पिकलबॉलचे माहेर बेनब्रिज असले, तरी आजोळ पुणेच म्हणावे लागेल.

सिएटलच्या पूर्वेस रेडमंड नावाचे उपनगर आहे. तेथे संगणक व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे पुष्कळ. सकाळी मुले कामास व नातवंडे शाळेत गेली, की पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांपुढे दिवस आ वासून उभा राहतो. गाडी चालवता येत नाही, ओटा-कट्टा नाही, पेढीवर येणारे-जाणारे नाहीत. आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ तेथून तिसऱ्याच महिन्यात परतीचे तिकीट मागतात, त्याचे कारण अन्नपाणी वा हवामान नसून हा रिकामा दिवस असतो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील उद्यानात पिकलबॉलची सार्वजनिक कोर्टे होती, म्हणून आमचा तो दिवस भरला.

तेथील शिस्त वाखाणण्याजोगी वाटली. कुंपणाला एक घोडी लावलेली असते. आलेल्याने आपले पॅडल त्या घोडीत ठेवावयाचे, आणि क्रम आला की आधीच्या तिघांबरोबर कोर्टावर उतरावयाचे. वशिला नाही, वर्गणी नाही, ओळखीची गरज नाही. पहिल्याच आठवड्यात आमचा एक गट जमला. त्यात विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक अमेरिकन अभियंता बाई, एक कोरियन गृहस्थ, मूळच्या तैवानच्या एक निवृत्त शिक्षिका, आणि माझे जोडीदार सांगलीचे हळदीचे व्यापारी होते. वयाने ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते मला, बँकेत होतो एवढ्याच कारणास्तव, साहेब म्हणतात.

खेळाची परिभाषा ऐकून सौ.ला फार मौज वाटली. खेळाच्या नावात लोणचे, कोर्टाच्या मध्यभागी स्वयंपाकघर आणि मुख्य फटक्याचे नाव डिंक! “लोणच्याची मर्यादा किती दिवसांची?” असे तिने अण्णांना विचारले. वास्तविक नावाचा लोणच्याशी संबंध नाही. नौकाशर्यतीत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांच्या नावेस तेथे ‘पिकल बोट’ म्हणतात. वेगवेगळ्या खेळांतून उचललेले तुकडे जोडून हा खेळ झाला, म्हणून प्रिचर्ड यांच्या पत्नीने ते नाव दिले.

स्वयंपाकघर मात्र खरेच महत्त्वाचे. जाळीच्या दोन्ही बाजूंस सात-सात फुटांचा पट्टा आखलेला असतो, त्यास ‘किचन’ म्हणतात. तेथे उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडू द्यावा लागतो. किंबहुना बाहेर उभे राहून हवेत फटका मारला आणि त्या झोकात पाऊल पट्ट्यात पडले, तरीही दोष लागतो. हात आवरला पण पाय आवरला नाही, तर उपयोग नाही. या एका नियमामुळे आडदांड ताकदीचे महत्त्व कमी होते आणि पासष्टीचा मनुष्य पंचविशीच्या तरुणासमोर उभा राहू शकतो. जाळीजवळून हळुवारपणे समोरच्याच्या किचनमध्ये सोडलेला चेंडू, तो ‘डिंक’. आपल्या डिंकासारखाच तो जाळीला चिकटून राहिला तर उत्तम.

जूनच्या अखेरीस एक दुर्घटना घडली. तैवानच्या शिक्षिकेच्या डोक्यावरून उंच चेंडू गेला. चेंडूवर दृष्टी ठेवून त्या उलट्या पावलांनी मागे धावल्या, टाच अडली आणि त्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. वार्ता घरोघर पोहोचली आणि सर्वच मुलांनी आपापल्या आईवडिलांना बजावले. अण्णांच्या चिरंजिवांनी तर पॅडल कपाटात ठेवून दिले. “अण्णा, तुम्हाला काही झालं तर इथला दवाखान्याचा खर्च, तुमचे हाल, सगळंच अवघड आहे. तुम्ही नुसतं फिरायला जा,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा मोकळ्या हातांनी कोर्टावर आले आणि बाकावर बसून राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. सांगलीचे दुकान पुतण्याकडे सोपवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं गादीवर बसून काढली. आता कुठं उभं राहायला शिकतोय, तर पोरगा बसा म्हणतोय.”

अभियंता बाईंनी यावर व्यावहारिक तोडगा काढला. त्यांचे म्हणणे असे, की त्या शिक्षिका वयामुळे पडल्या नाहीत, चुकीच्या ठिकाणी उभ्या असल्यामुळे आणि चुकीच्या दिशेने वळल्यामुळे पडल्या. त्यामुळे तीन आठवडे सामना खेळावयाचा नाही, गुण मोजावयाचे नाहीत. केवळ उभे राहणे, वळणे आणि चेंडू सोडणे शिकावयाचे. अण्णांच्या चिरंजिवांना त्यांनी स्वतः भेटून हे सांगितले, तेव्हा कपाटातले पॅडल परत मिळाले.

पहिला आठवडा दोरीचा होता. आठ फुटांची सुती दोरी घेऊन एक टोक अण्णांच्या आणि दुसरे माझ्या मोकळ्या हातात. चेंडू नाही. बाई हाताने खूण करतील त्या दिशेस दोघांनी एकदमच सरकावयाचे. ते डावीकडे गेले की मीही डावीकडे, ते पुढे की मीही पुढे. दोरी ताणली गेली तर मध्ये खिंडार पडले, आणि सैल पडली तर दोघे एकमेकांच्या अंगावर, असा अर्थ. अण्णा डावखुरे आहेत. ते उजव्या बाजूस आणि मी डाव्या बाजूस उभा राहिलो, की दोघांचेही सरळ हात मध्यभागी येतात. याचा लाभ मोठा, परंतु घोटाळाही मोठा. मधला चेंडू कोणी घ्यावयाचा? एक तर दोघे धावत आणि पॅडलवर पॅडल आपटे, नाही तर दोघेही थांबत. भागीदारीच्या पेढीवर सामाईक मालाचे जे होते, तेच येथे. दोघांचा आहे म्हटले की कोणीच पाहत नाही. शेवटी ठरले, की समोरून तिरका येणारा चेंडू ज्याच्याकडे वळत असेल, मधल्या भागाची जबाबदारी त्याची. आणि तोंडाने “माझा” म्हणावयाचे, दर वेळी, मोठ्याने.

दुसरा आठवडा उंच चेंडूंचा. नियम असा, की डोक्यावरून चेंडू गेला तर मागे पावले टाकावयाचीच नाहीत. प्रथम खांदा आणि पाऊल वळवून पाठमोरे व्हावयाचे, मग पुढे धावल्यासारखे मागे जावयाचे. त्याहून बरे म्हणजे, ज्याच्या डोक्यावरून चेंडू गेला त्याने तो घेऊच नये. जोडीदारास तो नजरेसमोर दिसत असतो, त्याने तिरके जाऊन घ्यावा आणि पहिल्याने त्याची मोकळी झालेली बाजू सांभाळावी. त्यासाठी आमचा शब्द होता “बदल”. आणि चेंडू आवाक्याबाहेर असेल, तर तिसरा शब्द, “जाऊ दे”.

हा तिसरा शब्द अंगी मुरण्यास सर्वांत अधिक वेळ लागला. येणारा माल नाकारावा, हे व्यापाऱ्याच्या रक्तात नसते. पण बारकाईने पाहिले तर छातीच्या उंचीवर वेगाने येणारे कितीतरी चेंडू न मारता सोडले, तर रेषेबाहेर जाऊन पडतात. आपणच हात घालून समोरच्याची चूक दुरुस्त करीत असतो. चेंडू सोडणे हादेखील एक फटकाच आहे, असे बाई म्हणत. हळूहळू कोरियन गृहस्थही “जाऊ दे” असे ओरडू लागले, आणि प्लास्टर बांधून बाकावर बसलेल्या शिक्षिका आमच्या आधी ओरडू लागल्या.

तिसरा आठवडा तिसऱ्या फटक्याचा. या खेळात पहिली सर्व्हिस आणि तिची परतफेड हे दोन्ही चेंडू टप्पा पडल्यावरच घ्यावे लागतात. त्यामुळे परतफेड करणारी जोडी आधीच किचनच्या रेषेवर येऊन ठाकते आणि सर्व्हिस करणारी मागच्या रेषेवर अडकून पडते. अशा वेळी तिसरा फटका जोराने मारला, तर तो तितक्याच जोराने पायांत परत येतो. म्हणून मागून एक मऊ, कमानीसारखा चेंडू काढून तो त्यांच्या किचनमध्ये टाकावयाचा. त्यांना टप्प्याची वाट पाहून खालून वर उचलावा लागतो, तेवढ्यात आपण चार पावले पुढे येतो. या फटक्याने गुण मिळत नाही, वेळ मिळतो. “मुदत वाढवून घेतल्यासारखंच हे,” अण्णा म्हणाले, आणि त्यांना तो तेव्हाच कळला. मूठ सैल, मनगट स्थिर, हालचाल खांद्यातून, अशी ती रीत. प्रथम किचनच्या रेषेवरून पाच चेंडू नेमके पडले की तीन फूट मागे, पुन्हा पाच पडले की आणखी तीन फूट मागे. मागच्या रेषेपर्यंत पोहोचण्यास आम्हांस बारा दिवस लागले.

ऑगस्टमधील एका रविवारी अण्णांचे चिरंजीव आपल्या गाडीतून आम्हां सर्वांस बेनब्रिजला घेऊन गेले. सिएटलच्या धक्क्यावरून मोटारींसह प्रवाशांना नेणारी मोठी फेरीबोट सुटते आणि सुमारे ३५ मिनिटांत बेटावर पोहोचते. प्रवाशांचे तिकीट जाताना घेतात, येताना घेत नाहीत. दोन्ही वेळचा हिशेब एकदाच मिटतो, हे पाहून मला बरे वाटले. आकाश निरभ्र होते. मागे सिएटलच्या उत्तुंग इमारती, पुढे ऑलिंपिक पर्वताच्या रांगा आणि आग्नेयेस १४,४१० फूट उंचीचे, बारमाही बर्फाने झाकलेले माउंट रेनियर. सौ.ने डब्यात खाकरे, मेथीचे ठेपले आणि मुगाची कोरडी उसळ घेतली होती. तेथे ऑगस्टमध्ये सूर्यास्त रात्री आठच्या सुमारास होतो, त्यामुळे रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्यांची प्रवासात गैरसोय होत नाही.

बेटावर प्रथम एका वेगळ्याच स्थळी थांबलो. दुसऱ्या महायुद्धात, ३० मार्च १९४२ रोजी, या बेटावरील जपानी वंशाच्या २२७ रहिवाशांना सैनिकांच्या पहाऱ्यात येथील धक्क्यावरून छावण्यांकडे नेण्यात आले. त्यांत बहुतेक स्ट्रॉबेरीची शेती करणारी साधी कुटुंबे होती. अपराध कोणताही नव्हता. धक्क्याच्या जागी आता २७६ फूट लांबीची लाकडी भिंत आहे, बेटावरील तेव्हाच्या २७६ जपानी वंशीय रहिवाशांसाठी फुटाला एक याप्रमाणे. स्मारकाच्या जपानी नावाचा अर्थ, ‘हे पुन्हा न घडो’. काही शेजाऱ्यांनी त्यांच्या जमिनी ठेवीप्रमाणे सांभाळल्या आणि परतल्यावर सुपूर्द केल्या. ज्या व्यवसायात माझे आयुष्य गेले त्याचा पाया विश्वास हाच आहे, म्हणून त्या भिंतीसमोर मी अंमळ जास्त वेळ उभा राहिलो. अहिंसेचा विचार करताना आपण जीवजंतूंपासून आरंभ करतो, तो योग्यच. पण शेजाऱ्याविषयी मनात धरलेला संशय हीदेखील हिंसेची सुरुवात असते.

प्रिचर्ड यांच्या अंगणातील मूळ कोर्ट खाजगी जागेत आहे. बॅटल पॉइंट नावाच्या उद्यानात मात्र संस्थापकांच्या सन्मानार्थ ‘फाउंडर्स कोर्ट्स’ बांधलेली आहेत. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने पिकलबॉलला राज्याचा अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली, त्याचा बेटवासीयांना सार्थ अभिमान आहे. आम्ही घोडीत पॅडल ठेवली. आमच्या वाट्यास सत्तरीच्या आसपासचे एक स्थानिक दांपत्य आले. त्यांचा उंच चेंडू फारच नेमका होता. पहिलाच चेंडू अण्णांच्या डोक्यावरून गेला. कुंपणापाशी उभे असलेले चिरंजीव पुढे झाले. अण्णा एकही पाऊल मागे गेले नाहीत. “बदल” म्हणाले, माझी बाजू त्यांनी घेतली आणि मी तिरका जाऊन चेंडू परत केला. दुसरा उंच चेंडू आला, तेव्हा अण्णांनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “जाऊ दे.” चेंडू रेषेबाहेर पडला.

डाव ११ गुणांचा, आणि दोन गुणांच्या आघाडीने जिंकावयाचा. ते १० वर, आम्ही ९ वर, सर्व्हिस त्यांची. बऱ्याच देवाणघेवाणीनंतर त्यांचा एक चेंडू अण्णांच्या मागे, शेवटच्या रेषेच्या अगदी लगत पडला. अशा हौशी खेळात सहसा पंच नसतो. आपल्या बाजूच्या रेषेचा निवाडा आपणच द्यावयाचा असतो, आणि शंका असेल तर तिचा लाभ प्रतिपक्षास द्यावा, असा नियमच आहे. अण्णा क्षणभर थांबले आणि बोट खाली करून म्हणाले, “इन.” डाव संपला. चौघेही जाळीपाशी आलो आणि रिवाजाप्रमाणे पॅडलला पॅडल लावली. समोरच्या आजीबाईंनी विचारले, चेंडू खरोखरच आत होता याची खात्री होती का? अण्णांचे उत्तर मी इंग्रजीत सांगितले. “खात्री नव्हती, म्हणूनच तुमचा.”

परतीच्या बोटीत चिरंजीव बराच वेळ खाडीकडे पाहत होते. नंतर त्यांनी वडिलांना विचारले, “अण्णा, कोर्टावर बाजूला आधार देणारे बूट लागतात म्हणे. तुमचा नंबर काय?” इतकेच. अण्णांनीही नंबर तेवढाच सांगितला.

आपल्या देशात हा खेळ आणण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जाते. त्यांनी तो कॅनडात पाहिला आणि पुढे येथे रुजवला. २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. आज त्याची महागडी क्लब-कोर्टे निघत असली, तरी त्यासाठी मोठा खर्च मुळीच लागत नाही. आपल्या बोर्डिंगच्या, मंगल कार्यालयाच्या वा सोसायटीच्या आवारात बॅडमिंटनचे कोर्ट आखलेले असेल, तर निम्मे काम झालेलेच आहे. बॅडमिंटनची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. तिच्यापुढे अर्ध्या फुटावर चिकटपट्टी लावली की सात फुटांचे किचन तयार. जाळी कडांना ३६ आणि मध्यभागी ३४ इंचांवर उतरवावी. बॅडमिंटनच्या उत्तम फुलास बदकाची वा हंसाची पिसे लागतात. येथे भोके पाडलेला प्लास्टिकचा चेंडू लागतो, हाही आपल्या दृष्टीने एक विशेष.

ज्येष्ठांनी मात्र आरंभ करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा, धावण्याचे नव्हे तर कोर्टाचे बूट घालावेत, आणि पहिले तीन आठवडे गुण मोजू नयेत. मुलांनी आईवडिलांना ‘बसा’ म्हणण्यापूर्वी एकदा कुंपणापाशी उभे राहून त्यांचा खेळ पाहावा. अण्णा आता सांगलीस परतले आहेत. शेजारच्या आवारात त्यांनी चिकटपट्टीने रेषा आखून घेतल्या असून सकाळी सहाला आठजण जमतात. परवा दूरध्वनीवर ते सांगत होते, की तिसऱ्या फटक्याचा सराव चालू आहे आणि आठ फुटांची दोरी त्यांनी दुकानातल्याच सुतळीची केली आहे.